बंदराकडून तिसरं घर

मित्रांनो, पत्ता शोधत तुम्ही एखाद्या गल्लीत शिरलात की तुमची नजर दारांवरून फिरत फिरत आमच्यापैकी कुणावर तरी येऊन थांबते. घर सापडलं की तुम्ही आत जाता आणि आम्हाला विसरता. त्याचं मला वाईट वाटत नाही. मी घराच्या नंबराची एक जुनी पाटी आहे, निळ्या अंगावर पांढरा तीनचा आकडा असलेली, आणि विसरलं जाणं हा आमच्या धंद्याचाच भाग आहे. पण एक माणूस मला विसरला नाही. समुद्रात बुडाला तरी विसरला नाही. त्याचीच गोष्ट मला सांगायची आहे.

माझा जन्म घाटकोपरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. लोखंडाचा चौकोन कापून त्यावर निळा मुलामा चढवला, पांढरा आकडा काढला आणि भट्टीत भाजलं. भाजताना फार त्रास झाला, पण बाहेर आले तेव्हा अशी चकाकत होते की कारागिरानं मला उलटसुलट करून पाहिलं आणि स्वतःशीच हसला. तेवढं कौतुक मला पुढं कित्येक वर्षं पुरलं.

तिथून मी आले ती बोरिवलीच्या पश्चिमेला, खाडीच्या काठावरच्या एका कोळीवाड्यात. समोर पाण्यापलीकडं गोराई दिसायची. गल्ली एकच होती. एक टोक बंदराला आणि दुसरं मोठ्या रस्त्याला. घरांना तोवर नंबर नव्हते, आणि ते कुठून सुरू करायचे यावरून पाड्यात बरीच हमरीतुमरी झाली. शेवटी नाना नावाचे एक म्हातारे तांडेल, होडीवरच्या खलाशांचे म्होरके, उठले. त्यांच्यापुढं कुणी बोलत नसे.

"गावाचा तोंड पान्याकडं हाय," ते म्हणाले. "रस्ता मागून आला. आपला मानूस घरी येतो तो पान्यातून. त्याला पयला घर दिसंल तो एक नंबर."

झालं. बंदराकडून मोजणी झाली आणि मी तिसऱ्या घराच्या वाट्याला आले. ते घर चंदरचं. त्याचं नुकतंच लग्न झालं होतं, भिंतींचा चुना अजून ओला होता. त्यानं स्वतः मला चौकटीवर स्क्रूनं बसवलं आणि मग दोन पावलं मागं जाऊन पाहिलं. त्याला लिहितावाचता येत नव्हतं. शाळेशी त्याचं कधी जमलं नाही. पण माझा आकडा त्यानं बोटानं गिरवून गिरवून ओळखीचा करून घेतला. आयुष्यात त्यानं वाचलेलं एकमेव अक्षर म्हणजे मी, असं मी म्हटलं तर त्यात फुशारकी असेल, पण खोटं नसेल.

चंदर दारावर कधी थाप मारत नसे. होडी लावून यायचा, ओल्या हाताच्या बोटांनी माझ्यावर वाजवायचा. टण. जरा थांबून पुन्हा टण. आतून त्याची बायको सोनूबाई म्हणायची, "आले वो, आले," आणि कडी काढायची. त्याच्या हाताच्या खाऱ्या पाण्यानं माझा एक कोपरा गंजला. इतर पाट्या मला त्यावरून चिडवायच्या, आणि मला मात्र त्या गंजाचा अभिमान वाटायचा.

मग एका मोसमात तो गेला आणि आला नाही. होडी मिळाली, उलटी झालेली. बरोबरचे लोक मिळाले. चंदर मिळाला नाही. त्याची मुलगी कल्पिता तेव्हा दुसरीत होती. बंदरावर लोक बरेच दिवस उभे राहिले, मग आपापल्या कामाला लागले. सोनूबाई मात्र म्हणाली, "मिलला नाय ना? मंग येल."

पोट कुणासाठी थांबत नाही. तिनं टोपली डोक्यावर घेतली. पहाटे मासळी उचलायची, दिवसभर स्टेशनच्या बाजारात बसायची आणि दिवेलागणीला परतायची. जाताना दाराला कुलूप लावायची आणि माझ्यावर एकदा पदर फिरवायची. कल्पिता शाळेतून परस्पर मावशीकडं जायची. असं आमचं घर दुपारभर बंद राहू लागलं.

आता जे सांगते ते तुम्हाला खरं वाटणार नाही. अमावस्येला खाडीला उधाण येतं आणि ते भर दुपारी येतं, हे किनाऱ्यावरच्या कुठल्याही पोराला माहीत असतं. तो गेला त्यानंतरच्या पहिल्याच अमावस्येला पाणी बंदराच्या पायऱ्या चढून वर आलं. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. बायका बाजारात, पुरुष जेवून पडलेले. ऊन इतकं की माझा पत्रा तापून बोट लावता येणार नाही असा झाला होता. अशा वेळी त्या तापलेल्या अंगावर मला थंडगार बोटं जाणवली.

टण. जरा थांबून पुन्हा टण.

समोर कुणी दिसत नव्हतं. पायरीवर मात्र दोन पावलं उमटली होती, ओली आणि खाडीच्या काळ्या गाळानं भरलेली. ती बराच वेळ तिथंच राहिली. कुणी कडी काढली नाही. दाराला कुलूप होतं. मग गल्लीतून बंदराकडं जाणारी पावलं उमटत गेली आणि उन्हानं सुकून गेली. संध्याकाळी सोनूबाई आली तेव्हा पायरी कोरडी ठणठणीत होती. थोडा गाळ उरला होता, तो तिनं झाडून टाकला.

पुढच्या अमावस्येला तसंच झालं. त्याच्या पुढच्याही. कल्पिता मोठी झाली, शिकली, अंधेरीला एका ऑफिसात लागली. सोनूबाईचे केस पांढरे झाले, गुडघे कुरकुरू लागले, पण टोपली सुटली नाही. ताप असला तरी ती बाजारात जायची. परतल्यावर रात्री जेवताना कधीतरी म्हणायची, "अजून कसा आला नाय तुझा बाबा." आणि मी बाहेर चौकटीवर टांगलेली. मित्रांनो, लोकांना घर दाखवायचं एवढंच मला येतं. घरात कुणी नाही हे येणाऱ्याला सांगता येत नाही, आणि कोण येऊन गेलं हे घरातल्याला सांगता येत नाही. त्या वर्षांत मला स्वतःचा फार राग आला.

मग पालिकेचा नियम आला. नियम वाईट नव्हता, ते आधीच सांगून टाकते. गल्लीला नाव द्यायचं तर आधी प्रस्ताव, मग ठराव, मग मंजुरी. तोवर तिला नुसता क्रमांक मिळणार. आमची बंदर गल्ली एका सकाळी गल्ली क्रमांक चार झाली. आणि घरांचे नंबर मोठ्या रस्त्याकडून सुरू होणार, उजवीकडं विषम, डावीकडं सम. हरकती मागवणारी सूचना म्हणे पालिकेच्या ऑफिसच्या फळ्यावर महिनाभर लावली होती. कुणी गेलं नाही. बाजारात बसणारी बाई फळा वाचायला कधी जाणार?

ठेकेदाराचा माणूस शिडी आणि ड्रिल घेऊन आला. सोनूबाई बाजारात होती. त्यानं माझे स्क्रू काढले आणि माझ्या जागी स्टीलची अडतीस नंबरची पाटी ठोकली. मला तो भंगारात टाकणार होता. पण रस्त्याच्या टोकाला पोचल्यावर त्याच्या लक्षात आलं, की पिशवीतली तीन नंबरची नवी पाटी चेपली आहे. त्यानं मला फडक्यानं पुसलं आणि उजवीकडच्या दुसऱ्या घरावर चढवलं.

ते घर सहदेवचं. गिरणी बंद पडल्यावर हे मालवणकडचं कुटुंब परळ सोडून इथं आलं होतं. सहदेव दारात उभा राहून बघत होता.

"सगळ्यांका नवी, आणि आमका जुनी?" तो म्हणाला.

"काका, असा माल आता मिळत नाही," ठेकेदाराचा माणूस म्हणाला. "तीनला तीन आहे ना? मग झालं तर."

असं माझं घर बदललं. चाळीसएक वर्षं पाण्याकडं तोंड करून काढली आणि आता समोर रिक्षा, कुरियरवाले आणि रसवंतीगृह. सोनूबाईनं त्या संध्याकाळी आपल्या चौकटीवर हात फिरवला आणि काय बदललं ते तिला हातानंच कळलं, असं नंतर तिनंच जानकीला सांगितलं. ती मला शोधत आली, लांबूनच पाहिलं आणि परत गेली.

सहदेवची बायको जानकी दुपारी घरीच असायची. ती शिवणकाम करायची. अमावस्या आली. भर उन्हात मशीनची खडखड चालू होती आणि मला ती बोटं जाणवली. तो बंदरावरून अख्खी गल्ली चालून, स्वतःच्या दारावरून पुढं जाऊन, मला शोधत इतक्या लांब आला होता. टण. मशीन थांबलं. पुन्हा टण. जानकीनं दार उघडलं. तिला कुणी दिसलं नाही. मग तिनं खाली पाहिलं, तर पायरीवर गाळानं भरलेली दोन ओली पावलं.

पुढच्या अमावस्येला पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तर सहदेवही घरी होता. त्यानं पायरीवरचा गाळ बघितला आणि त्याचा आवाज चढला. "ही पाटी काढून खाडीत टाकतंय मी. कोणाची काय पीडा ती आमच्या दारात नको."

"थांबा जरा," जानकी म्हणाली. "ज्येच्याकडची पाटी तेका इचारूया आधी."

दुसऱ्या दिवशी सोनूबाई टोपली घेऊन रस्त्याकडं निघाली होती. जानकीनं तिला हाक मारून पायरीवर बसवलं, पाणी दिलं.

"सोनूबाय, रागाव नकात," ती म्हणाली. "ही पाटी तुमच्या दारार होती तेवा आपसूक वाजा काय?"

"कशी वाजते?" सोनूबाईनं विचारलं.

जानकीनं हात वर केला आणि बोटांनी माझ्यावर वाजवलं. एकदा. जरा थांबून पुन्हा एकदा.

सोनूबाईच्या हातातला पेला तसाच राहिला. एवढी तोंडाळ बाई, बाजारात गिऱ्हाइकाला पळवून लावणारी, पण आता तिचा आवाज खाली आला. मग तिनं हळूच विचारलं, "कवा येतो?"

"अवसेक. भर दुपारी, पाणी भरता तेवा."

"दुपारी," सोनूबाई म्हणाली. नंतर तिनं तोंडाला पदर लावला आणि ती रडली. मी तिला इतक्या वर्षांत रडताना पाहिलं नव्हतं. रडता रडता ती एकच म्हणत होती, "दुपारी मी कवाच घरी नसते गो."

त्या दिवसापासून तिला एकच ध्यास लागला. पाटी परत न्यायची, आपल्या दारावर लावायची आणि अमावस्येला घरी बसायचं. कल्पितानं आईला समजावून पाहिलं. "आई, बाबा गेले. सोड ना आता. लोक हसतील यार." पण आईचा चेहरा बघून तिनंच पालिकेच्या ऑफिसात फोन करून माणूस बोलावला. दिपेश नावाचा तरुण इंजिनिअर पाहणीला आला. माझ्याच खाली उभं राहून सगळं बोलणं झालं.

"आजी, एका गल्लीत तीन नंबरच्या दोन पाट्या नाही चालत," दिपेश म्हणाला. "ही काकांकडून काढून घ्या, त्यांना मी नवी देतो. पण तुमच्या दारावर नाही लावायची. कपाटात ठेवा, आठवण म्हणून."

"कपाटात त्याला कशी दिसंल?" सोनूबाई म्हणाली.

"कुणाला?"

कल्पिता रस्त्याकडं बघू लागली. दिपेशनं एकेकाच्या तोंडाकडं पाहिलं. त्याला काय कळलं देव जाणे, पण तो हसला नाही. मला तो तेव्हाच आवडला.

"आजी, एक सांगतो," तो म्हणाला. "मागच्या वर्षी पलीकडच्या गल्लीत एकानं जुनी पाटी तशीच ठेवली होती. हौस म्हणून. रात्री ॲम्ब्युलन्स आली ती त्या घरी गेली. पेशंट दुसऱ्या टोकाला. गाडी वळवून नेईपर्यंत माणूस गेला. म्हणून नंबर रस्त्याकडून. गाडी रस्त्यानंच येणार ना, खाडीतून तर नाही येणार."

सोनूबाईनं माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं ती भांडेल. भांडली असती तर तिनं त्या पोराला चार दिवस पाणी मागू दिलं नसतं. आणि माझं तर सगळं मन तिच्याकडं ओढत होतं. पण ती म्हणाली, "मंग नको. जित्या मानसाची गाडी चुकाया नको. माझा मानूस काय, त्याला आता उशीर झालाच हाय."

दिपेश मान खाली घालून निघून गेला. सोनूबाई उठली, टोपली उचलू लागली, आणि ती तिला उचलवेना. तेव्हा जानकीनं टोपलीला हात लावला.

"पाटी हंय रवांदे," ती म्हणाली. "तुम्हीच हंय येवन बसा. अवसेक."

सहदेवनं बायकोकडं डोळे मोठे करून पाहिलं. जानकीनं तिकडं लक्षच दिलं नाही.

त्या अमावस्येला सोनूबाई बाजारात गेली नाही. तिनं डोक्यावरून न्हाऊन, ठेवणीतलं लुगडं नेसून, सवयीनं घराला कुलूप लावलं आणि गल्ली चालून ती जानकीच्या घरी आली. कल्पितानं सुट्टी घेतली होती, कशासाठी ते तिनं कुणाला सांगितलं नाही. सगळे आत बसले. मशीन बंद होतं. सहदेव मुद्दाम वर्तमानपत्र उघडून बसला होता आणि पान उलटत नव्हता. बाहेर रसवंतीचे घुंगरूही थांबले होते. पाणी भरत असल्याचा वास खाडीकडून आला. मी इतकी तापले होते, आणि तरी मला थंडी वाजत होती.

टण.

आत कुणी हललं नाही.

टण.

सोनूबाई उठली आणि तिनं कडी काढली. ती दारात उभी राहिली, समोरच्या रिकाम्या उन्हाकडं बघत. मग पायरीकडं बघत. तिनं पदर सावरला. तिचा आवाज अगदी रोजचा होता, जेवायला वाढताना असतो तसा.

"नंबर बदललेत," ती म्हणाली. "तुमाला कोन सांगनार? चला. घर हाय तिथंच हाय."

ती पायरी उतरली आणि चालू लागली. तिच्या शेजारी, अर्धं पाऊल मागं, ओली पावलं उमटू लागली. गल्लीत डांबर होतं, उन्हानं मऊ झालेलं, आणि त्यावर ती काळी पावलं स्पष्ट दिसत होती. कल्पिता दारात खिळून उभी होती. बापाला तिनं शेवटचं पाहिलं ते सात वर्षांची असताना. मग तीही निघाली, त्या पावलांवर आपला पाय पडू नये म्हणून भिंतीला अंग घासत. सहदेव उठून दारात आला. त्यानं पाहिलं आणि हात जोडले. गल्ली जिथं बंदराकडं वळते तिथपर्यंत मला ती तिघं दिसली. म्हणजे दोघी दिसल्या. पुढचं मला दिसलं नाही.

पुढचं कळलं ते दुसऱ्या दिवशी. सोनूबाई जानकीसाठी बोंबील घेऊन आली आणि पायरीवर बसली. मग ती आपणहून बोलू लागली.

"दारापाशी आलो न तो थांबला. पुढं जाईना. मी बोलली, चला आत. तरी नाय. मंग मी वर बघितला. दाराला कुलूप." ती थांबली. "तवा मना समजला गो. इतकी वर्सा तो येत होता, न कुलूप बघून परत जात होता. त्याला वाटला, मी घर सोडून गेली."

"मगे?"

"मी बोलली, मी बाजारान होती. तुमच्या पोरीला शिकवायचा होता. कुठं गेली नव्हती मी. न चावी लावली." तिनं डोळे पुसले. "मंग आत आला. चुलीपाशी बसायचा तिथं बसला. बसला तेवढी फरशी वली झाली. कल्पिता समोर बसून होती, पोरगी एक शबुद बोलली नाय. सांजंपर्यंत फरशी सुकली."

त्यानंतर माझ्यावर कुणी वाजवलं नाही. अमावस्या येते, उधाण येतं, जानकीचं मशीन क्षणभर थांबतं आणि पुन्हा सुरू होतं. मला ती बोटं आठवतात. भीतीनं नाही, ओढीनं. सोनूबाई आताशा बाजारात जाते ती सकाळपुरती, आणि घराला कुलूप न लावता.

मित्रांनो, मी आता नको तिथं लावलेली एक गंजकी पाटी आहे, आणि उद्या तुमच्या गल्लीचे नंबर पुन्हा बदलले तर मला भंगारातच जायचं आहे. खुशाल बदला. ॲम्ब्युलन्स वेळेवर यायलाच हवी. फक्त पाटी उतरवण्याआधी दारात उभं राहून घरच्या माणसांना एकदा विचारा, या घरी अजून कुणी यायचं राहिलं आहे का. राहिलं असेल तर त्याला नवा पत्ता कळेल अशी काहीतरी सोय करा. नाहीतर तो बिचारा उन्हातून दारापर्यंत येईल, उभा राहील, आणि आपल्या माणसांनी आपली वाट बघणं सोडून दिलं असं समजून परत जाईल.